कुणीच मूळचं नसलेला मुलूख

युरोपला जायचं म्हटलं की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी शेंगेन व्हिसाची फाइल येते. बँकेची स्टेटमेंटं, कंपनीचं पत्र, हॉटेलचं बुकिंग आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईची खेप. पण याच युरोपच्या नकाशावर, अगदी वरच्या कडेला असा एक तुकडा आहे, जिथे राहायला, नोकरी धरायला किंवा दुकान थाटायला साताऱ्याच्या अथवा मडगावच्या माणसाला व्हिसाच लागत नाही. त्याचं नाव स्वालबार्ड. उत्तर ध्रुवापासून साधारण तेराशे किलोमीटरवर, ७४ ते ८१ अक्षांशांच्या दरम्यान पसरलेला हा द्वीपसमूह नॉर्वेच्या ताब्यात आहे. क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा. त्यातला निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली आहे. सगळ्या वस्त्या मिळून माणसं जेमतेम तीन हजारांच्या आसपास.

ही सवलत आली ती एका जुन्या करारातून. पहिलं महायुद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये तहांचा बाजार भरला होता. त्यातच ९ फेब्रुवारी १९२० रोजी स्वालबार्डचा करार झाला. बेटांवर सार्वभौम सत्ता नॉर्वेची. पण करारात सामील असलेल्या सगळ्या देशांच्या नागरिकांना तिथे राहण्याचा, मासेमारीचा, शिकारीचा आणि खाणी खोदण्याचा हक्क सारखाच. तिथे गोळा होणारा कर तिथेच खर्चायचा. तटबंदी करायची नाही, नाविक तळ उभारायचा नाही. ब्रिटनने आपल्या साम्राज्यातल्या देशांच्या वतीनेही सह्या केल्या आणि त्यात भारत होता. त्या वेळी स्वतःच्या कारभारात आपल्याला फारसा आवाज नव्हता, पण उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात हक्क मात्र मिळून गेला! १४ ऑगस्ट १९२५ पासून कराराचा अंमल सुरू झाला. पुढे नॉर्वेने ही दारं करारात नसलेल्या देशांच्या लोकांनाही उघडी ठेवली.

यात मेख आहेच. स्वालबार्डला जायचा नेहमीचा रस्ता ऑस्लो किंवा ट्रॉम्सोवरून जातो आणि तिथे शेंगेन व्हिसा लागतो. शिवाय स्वालबार्ड शेंगेनच्या हद्दीबाहेर असल्याने परतताना आपण शेंगेनमध्ये नव्याने शिरतो, म्हणून व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. तिथे पोचल्यावर पोटापाण्याची सोय आपली आपण करायची. सरकारी भत्ता नाही, बेकारी भत्ता नाही, म्हातारपणी सांभाळणारी यंत्रणा नाही. स्वतःचा खर्च भागवता येत नसेल, तर तिथल्या राज्यपालांना तुम्हाला परत पाठवायचा अधिकार आहे. घरं बहुतेक कंपन्यांच्या आणि सरकारी खात्यांच्या मालकीची. नोकरी सुटली की बहुधा घरही सुटतं.

एवढा सढळ करार पृथ्वीवर दुसरीकडे कुठे का झाला नाही? ग्रीनलंडमध्ये इन्यूइट होते, नॉर्वेच्या उत्तरेत सामी होते, सैबेरियात नेनेट्स होते. स्वालबार्डमध्ये कुणीच नव्हतं. आदिवासी नाहीत, जुनी गावं नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन नाही. इथे जो आला तो काहीतरी घेऊन जायला आला आणि काम झालं, किंवा फसलं, की निघून गेला. देवमाशाची चरबी, कोल्ह्याची कातडी, कोळसा, आणि आता हवामानाचे आकडे किंवा अस्वलाचे फोटो. या बेटांचा चारशे वर्षांचा इतिहास म्हणजे आलेल्या-गेलेल्यांचा हिशेब आहे.

तो उघडतो १५९६ मध्ये. डच दर्यावर्दी विलेम बारेन्ट्स चीन आणि पूर्वेकडच्या देशांकडे जायला उत्तरेकडून रस्ता शोधत होता. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या वाटेवर पोर्तुगीजांचा पहारा होता, म्हणून बर्फातून वाट काढायची ही धडपड. जून महिन्यात त्याला टोकदार डोंगरांची एक रांग दिसली. त्यावरूनच मुख्य बेटाचं नाव स्पिट्सबर्गन पडलं. एका आइसलँडी बखरीत ११९४ साली ‘स्वालबार्ड’ सापडल्याची त्रोटक नोंद आहे, पण ते हेच बेट की दुसरंच काही, यावर एकमत नाही. बारेन्ट्सला पूर्वेची वाट सापडली नाही. पुढचा हिवाळा त्याला नोवाया झेम्ल्या बेटावर अडकून काढावा लागला आणि परतीच्या प्रवासात १५९७ मध्ये तो वारला.

बारेन्ट्सच्या १५९६च्या सफरीनंतर ११ वर्षांनी इंग्रज दर्यावर्दी हेन्री हडसन याच पाण्यात आला आणि इथल्या खाड्यांमध्ये देवमासे कसे मुबलक आहेत, हे त्याने परत जाऊन सांगितलं. ही खबर देवमाशांना भोवली. १६११ मध्ये इंग्रजांच्या मस्कोव्ही कंपनीची जहाजं आली, पाठोपाठ डच आले. शिकार कशी करायची हे उत्तर युरोपातल्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून सुरुवातीला बास्क खलाशी भाड्याने आणले. त्यांना हवा होता तो बोहेड देवमासा. पोहायला मंद, मेला तरी पाण्यावर तरंगणारा, आणि अंगावर चरबीचा जवळजवळ हातभर थर. चरबीपासून दिव्याचं आणि साबणाचं तेल निघायचं. तोंडातल्या गाळणीसारख्या लवचिक पट्ट्या युरोपातल्या बायकांच्या घट्ट चोळ्यांना ताठ ठेवायला जायच्या. हाच मासा दोनशे वर्षांहून अधिक जगू शकतो. म्हणजे त्या काळात मारलेल्या एखाद्या पिल्लाला मोकळं सोडलं असतं, तर ते एकोणिसाव्या शतकापर्यंत पोहत राहिलं असतं.

ॲमस्टरडॅम बेटाच्या सपाट किनाऱ्यावर डचांनी स्मेरेनबर्ग नावाची वसाहत उभारली. पुढच्या काळात तिच्याविषयी अफाट गप्पा पसरल्या: हजारोंची वस्ती, दुकानं, चर्च, जुगाराचे अड्डे. विसाव्या शतकात डच पुरातत्त्वज्ञांनी तिथे खोदकाम केलं, तेव्हा ऐन हंगामात दोनशेच्या आसपास माणसं आणि दीड डझन घरं एवढाच पसारा निघाला. तिथे आजही दिसणारी गोष्ट मात्र अस्सल आहे. विटांच्या भट्ट्यांवर तांब्याच्या कढया ठेवून चरबी उकळायचे. कडेने उतू गेलेलं तेल वाळूत आणि खड्यांत मुरत गेलं आणि त्याचा सिमेंटसारखा कडक थर झाला. भट्ट्या मोडल्या, कढया मालकांनी परत नेल्या, पण त्यांच्या भोवतीचे हे काळपट गोल कठडे चारशे वर्षांनंतरही जागच्या जागी आहेत.

१९८० मध्ये अशाच डच शिकाऱ्यांच्या १८५ कबरी तपासल्या गेल्या. थंडीमुळे लोकरीचे कपडे टिकले होते आणि कित्येक कवट्यांवर विणलेल्या टोप्या तशाच होत्या. त्यांतल्या काही ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये ठेवल्या आहेत. प्रत्येक टोपीवरचे पट्टे वेगळे. थंडीत माणसं इतकी गुंडाळलेली असायची की डोळे सोडून काही दिसत नसे; मग सोबत्याला ओळखायचं ते टोपीच्या पट्ट्यांवरून. इतिहासाच्या पुस्तकात ‘डच व्यापाराचा विस्तार’ असं एक मथळ्याचं वाक्य असतं. मला विचाराल, तर त्या वाक्यापेक्षा या टोप्या जास्त सांगतात.

हिवाळ्यात सगळे परत जायचे आणि मागे राहिलेला सरंजाम दुसऱ्या देशाचे लोक लुटून न्यायचे. त्यावर उपाय म्हणून १६३३ मध्ये सात माणसांना राखणीला ठेवलं. ती तगली. पुढच्या हिवाळ्यात दुसरे सात जण ठेवले. उन्हाळ्यात जहाज आलं तेव्हा त्यांतला एकही जिवंत नव्हता. कारण होतं स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाची कमतरता. हिरड्या सुजतात, दात हलतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात. कंपनीने राखणीचा नाद सोडला. १६६०च्या दशकापर्यंत खाड्यांतले देवमासे संपले आणि स्मेरेनबर्गही ओस पडलं. शिकार पुढे खुल्या समुद्रात गेली आणि या भागातला बोहेड जवळपास नामशेष झाला.

स्कर्व्हीचं कोडं रशियाच्या श्वेत समुद्राकाठच्या पोमोर शिकाऱ्यांनी जास्त शहाणपणाने सोडवलं होतं. वॉलरस, रेनडिअर आणि कोल्ह्यांसाठी ते येत आणि अख्खा हिवाळा लाकडी खोपटांत काढत. त्यांच्यातल्या चौघांची गोष्ट विलक्षण आहे. १७४३ मध्ये ते बेटाची पाहणी करायला किनाऱ्यावर उतरले, रात्रीत वादळ आलं आणि सकाळी जहाज गायब. जवळ एक बंदूक आणि १२ बारांपुरती दारू. तेवढ्यावर त्यांनी १२ रेनडिअर मारले. मग समुद्राने आणून टाकलेल्या लाकडांमधले खिळे ठोकून भाल्यांची पाती केली, अस्वलाच्या कंडरांपासून धनुष्याची दोरी वळली. या बेटांवर एकही उंच झाड नाही, तरी किनाऱ्यांवर ओंडक्यांचे ढीग असतात. सैबेरियातल्या नद्यांतून वाहून आलेली ही लाकडं ध्रुवीय बर्फाबरोबर वर्षानुवर्षं सरकत इथवर पोचतात. त्याच लाकडाने त्यांना ऊब दिली. रेनडिअरचं ताजं रक्त आणि कड्यांखाली उगवणारी एक आंबट-तिखट पाल्याची वनस्पती यांनी स्कर्व्ही दूर ठेवली. चौघांपैकी एकाला रक्त पिणं जमेना; तो तिथेच गेला. बाकीचे तिघे सहा वर्षांनी, १७४९ मध्ये सुटले. नॉर्वेचे शिकारी पुढे आले आणि विसाव्या शतकातही अशी खोपटी बांधून राहिले, पण पोमोरांची सर त्यांनाही आली असं वाटत नाही.

मग आला कोळसा. इथे थोडं थांबायला हवं, कारण जिथे झाड वाढत नाही तिथे कोळसा कसा, हा प्रश्न शाळकरी मुलालाही पडेल. भूखंड सरकतात हे त्याचं उत्तर. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी आजच्या स्वालबार्डची जमीन विषुववृत्ताच्या आसपास होती. तिथून ती इंचाइंचाने उत्तरेला आली आणि वाटेत ज्या ज्या हवामानातून गेली त्याचे थर अंगावर घेत आली. पिरामिडेन या इथल्या खाणगावातला कोळसा त्या उष्ण काळाच्या जवळचा, ३० कोटींहून अधिक वर्षं जुना. लाँगइयरब्येन या मुख्य गावाजवळचा बराच अलीकडचा, सुमारे सहा कोटी वर्षांचा. तोवर ही जमीन बरीच वर सरकली होती, पण पृथ्वीच तेव्हा इतकी उबदार होती की तिथे रुंद पानांची जंगलं होती. आज लाँगइयर हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगात बसून पातळ चिपा उलगडल्या की त्यांत पानांचे ठसे मिळतात, शिरांसकट.

जॉन मनरो लाँगइयर हा अमेरिकी उद्योजक १९०१ मध्ये इथे पर्यटक म्हणून आला आणि डोंगरातले काळे पट्टे पाहून त्याच्यातला व्यापारी जागा झाला. १९०६ मध्ये त्याच्या कंपनीने खाण सुरू केली. त्याच्याच नावाने वसलेलं गाव म्हणजे आजचं लाँगइयरब्येन, स्वालबार्डचं मुख्य ठिकाण. १९१६ मध्ये नॉर्वेच्या स्टोरे नोर्स्के कंपनीने ते विकत घेतलं. स्वीडिश लोकांनी सुरू केलेली पिरामिडेनची खाण १९२७ मध्ये सोव्हिएतांकडे गेली आणि बारेन्ट्सबर्ग हे दुसरं रशियन गाव झालं. तिथे आजही रशियन सरकारी कंपनी आहे. कराराने हक्क सर्वांना दिला होता आणि सोव्हिएत युनियनने तो मनापासून वापरला. शीतयुद्धाच्या ऐन भरात नाटो देशाच्या जमिनीवर रशियन भाषेतली शाळा, कँटीन आणि लेनिनचा पुतळा, असं चित्र दुसरीकडे कुठे सापडणार?

खाणींनी किंमत वसूल केली. न्यू-ओलेसुंड इथे ५ नोव्हेंबर १९६२ रोजी झालेल्या स्फोटात २१ कामगार गेले. चौकशीत सुरक्षेची हेळसांड उघडी पडली आणि पुढच्या वर्षी त्यावरून ऑस्लोतलं आयनार गेरहार्डसन यांचं सरकार पडलं. मूठभर लोकांच्या वस्तीतल्या अपघाताने दोन हजार किलोमीटरवरचं मंत्रिमंडळ खाली आणलं. जबाबदारी कशाला म्हणतात हे बघायला हे उदाहरण पुरेसं आहे. पिरामिडेन १९९८ मध्ये बंद झालं. तिथल्या चारमजली इमारतींच्या खिडक्यांत आता किटीवेक जातीचे समुद्रपक्षी घरटी करतात. लाँगइयरब्येनचं वीजकेंद्र २०२३ मध्ये कोळशावरून डिझेलवर गेलं आणि २०२५च्या उन्हाळ्यात तिथली शेवटची नॉर्वेजियन खाणही बंद पडली. खाण गेली, पण तिची एक सवय राहिली. पूर्वी कोळशाची काजळी घरात येऊ नये म्हणून बूट बाहेर काढत. आजही तिथे हॉटेलात, संग्रहालयात, चर्चमध्ये शिरताना बूट दारातच काढतात. मराठी पाहुण्याला निदान ही एक गोष्ट शिकवावी लागत नाही.

लाँगइयरब्येनमध्ये आता अडीच हजारांच्या आसपास लोक राहतात, पन्नासहून अधिक देशांतले. परदेशी रहिवाशांत थायलंड आणि फिलिपिन्सचे लोक मोठ्या संख्येने आहेत. बहुतेक जण काही वर्षं राहून परततात. या गावात मरायला बंदी आहे, ही गोष्ट जगभर मिटक्या मारत सांगितली जाते. ती तशी खरी नाही. मरणाला कायद्याने कोण अडवणार? खरं एवढंच की, जमीन कायमची गोठलेली असल्याने पुरलेल्या गोष्टी हळूहळू वर ढकलल्या जातात, म्हणून १९५०च्या सुमारापासून तिथे शवपेट्या पुरणं थांबलं. रक्षाकलश ठेवायला परवानगी मिळू शकते. १९१८च्या फ्लूच्या साथीत गेलेले सात तरुण कामगार त्याच स्मशानात आहेत. गोठलेल्या देहांत तापाचा विषाणू शाबूत असेल, या आशेने १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी ती थडगी उघडली. पण ती अपेक्षेपेक्षा उथळ निघाली आणि देह कायम गोठलेले राहिले नव्हते.

जन्माचंही असंच. गावात छोटं रुग्णालय आहे, पण बाळंतपणाची सोय नाही. दिवस भरत आले की बाईने मुख्य भूमीवर जायचं, आपल्याकडे माहेरी जातात तसं, पण इथे ते सक्तीनेच. म्हणजे या गावात जन्मलेला माणूस शोधायचा तर कठीणच, आणि इथे म्हातारा होत राहिलेलाही विरळा. मांजर पाळायला बंदी आहे, पक्ष्यांच्या आणि रेबीजच्या काळजीने.

सूर्य ऑक्टोबरच्या शेवटी मावळतो तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. क्षितिजावर आला तरी गाव डोंगरांच्या कुशीत असल्याने त्याचं ऊन ८ मार्चच्या सुमाराला पोचतं. त्या दिवशी सगळं गाव जुन्या रुग्णालयाच्या उरलेल्या लाकडी पायऱ्यांपाशी जमतं. मुलं चेहऱ्यावर पिवळा रंग फासून येतात आणि डोंगराच्या खाचेतून पहिली तिरीप पायरीवर पडली की एकच गिल्ला होतो. पुढे २० एप्रिलपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. तेव्हा तेच लोक खिडक्यांना काळे पडदे लावून झोपतात.

माणसांचं हे असं येणं-जाणं चालू असताना खरे मुक्कामी वेगळेच. स्वालबार्डचा रेनडिअर आखूड पायांचा, गोल अंगाचा, मुख्य भूमीवरच्या जातभाईपेक्षा बराच लहान. मागे धावणारा लांडगाच नसल्याने त्याला लांब पायांची गरज पडली नाही. शिकारीने तो संपत आला होता. १९२५ मध्ये संरक्षण मिळालं आणि आज ही संख्या २२ हजारांच्या आसपास आहे. त्याचा शत्रू आता पाऊस. भर हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडतो, पाणी जमिनीपर्यंत झिरपून गोठतं आणि गवतावर काचेसारखा थर बसतो. खुरांनी बर्फ उकरता येतो, तो थर फुटत नाही. अशा वर्षी रेनडिअर उपाशी मरतात, काही समुद्राकाठी येऊन शेवाळ खातात. १९७१ ते २०१७ या काळात स्वालबार्डचं सरासरी तापमान तीन ते पाच अंशांनी वाढलं. जुलै २०२० मध्ये लाँगइयरब्येनला २१.७ अंशांची नोंद झाली. पुण्याच्या माणसाला तो आकडा जानेवारीतल्या सुखद सकाळचा वाटेल. तिथे तो विक्रम होता.

हिनलोपेन सामुद्रधुनीच्या काठावर अल्केफ्येलेत नावाचा बेसाल्टचा कडा आहे. सह्याद्रीतला दगडही हाच, फक्त इथे त्यावर गिलेमॉट पक्ष्यांच्या सुमारे ६० हजार जोड्या बसतात. जागा इतकी अरुंद की लोकलच्या बाकावरची चौथी सीटही ऐसपैस वाटावी. घरटं नाहीच, उघड्या दगडावर एकच अंडं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की त्याला उडता येत नसतानाही ते कड्यावरून उडी टाकतं. खाली समुद्र असेल तर वाचलं. दगडांवर पडलं तर कोल्हा टपलेला असतोच. पाण्यात पोचलेल्या पिल्लाला बाप घेऊन पोहत दक्षिणेकडे निघतो. आई सोबत नसते. पक्षी समुद्रातून जे खाऊन आणतात त्याची विष्ठा वर्षानुवर्षं कड्याखाली पडते आणि तिथे शेवाळ, गवत, फुलं माजतात. आजूबाजूला सगळा मुरूम आणि कड्याखाली एवढीच हिरवी पट्टी. पोमोरांना वाचवणारा पाला उगवायचा तो अशाच ठिकाणी.

पांढऱ्या अस्वलांविषयी जगाला इतकं माहीत आहे की दोनच गोष्टी सांगतो. १९७३ पासून त्यांची शिकार बंद आहे. आणि वस्तीबाहेर पाऊल टाकताना अस्वलाला पिटाळायची साधनं जवळ असणं बंधनकारक आहे. बहुतेक जण बंदूकही बाळगतात. म्हणून बँकेच्या आणि दुकानांच्या दारावर ‘बंदूक आत आणू नये’ अशी पाटी असते. २०२० मध्ये विमानतळाजवळच्या तंबूंच्या मैदानात अस्वलाने एकाचा जीव घेतला, तेव्हा हे सगळं नाटक नाही हे पुन्हा दिसलं.

आपला आणि या मुलखाचा खरा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला डोंगराच्या पोटात. २६ फेब्रुवारी २००८ रोजी लाँगइयरब्येनजवळ जागतिक बियाणं भांडार सुरू झालं. शंभरहून अधिक मीटर लांब बोगदा आणि त्याच्या टोकाला उणे १८ अंशांवर ठेवलेल्या खोल्या. जगभरातल्या बियाणं बँकांनी पाठवलेले तेरा लाखांहून अधिक नमुने तिथे आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने एक लाखाहून जास्त पाठवले: ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर, भुईमूग. म्हणजे सोलापूरच्या भाकरीचं आणि विदर्भातल्या वरणाचं भाऊबंद वाण तिथे हवाबंद पाकिटांत पडून आहे. नॉर्वे फक्त राखणदार; पेटी ज्याची त्यालाच उघडता येते. पहिल्यांदा ती उघडायची वेळ २०१५ मध्ये आली. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या संस्थेला आपली बँक वापरता येईना, म्हणून तिने आपलंच बियाणं परत मागवलं. आणि जिथे जमीन कायम गोठलेली राहील म्हणून ही जागा निवडली, तिथेच २०१६च्या पावसाळी, उबदार शरदात बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं. बियाण्यांपर्यंत ते पोचलं नाही, पण तो सगळा भाग नव्याने बांधावा लागला.

दुसरा संबंध न्यू-ओलेसुंडचा. १९६२च्या स्फोटानंतर खाण बंद झाली आणि ते गाव संशोधकांचं झालं. १ जुलै २००८ रोजी भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र तिथे सुरू झालं आणि त्याची सूत्रं गोव्यात, वास्को द गामा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राकडे आहेत. २०१४ मध्ये तिथल्या खाडीत भारताने समुद्राचं तापमान आणि क्षारता मोजणारी उपकरणांची साखळी सोडली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये हिवाळ्यातली पहिली भारतीय तुकडी गेली. आर्क्टिकचा बर्फ वितळणं आणि आपला मोसमी पाऊस यांचं नातं तपासणं हा या कामाचा एक मोठा भाग. गावात संवेदनशील रेडिओ दुर्बीण असल्याने वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवायचं असतं. तिथल्या मैदानात एक लोखंडी मनोरा उभा आहे. १९२६ च्या मे महिन्यात आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले या ध्रुवप्रवाशांचं ‘नोर्गे’ हे हवाई जहाज त्यालाच बांधून ठेवलं होतं. तिथून ते ध्रुवावरून थेट अलास्काला गेलं. दोन वर्षांनी नोबिले दुसऱ्या मोहिमेत संकटात सापडला, त्याला शोधायला निघालेला आमुंडसेन विमानासकट नाहीसा झाला.

जायचंच असेल, तर ऑस्लोहून विमानाने साधारण तीन तास. बर्फावरची वाहनं आणि कुत्र्यांच्या गाड्या यांसाठी मार्च ते मे चांगला, जहाजाने किनारे बघायला जून ते ऑगस्ट. नोव्हेंबर ते जानेवारीत भर दुपारीही अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसू शकतो, कारण तेव्हा दुपारच अंधारी असते आणि या अक्षांशावर सूर्याचे कण दिवसाच्या बाजूनेही वातावरणात उतरतात. गावांना जोडणारे रस्ते नाहीत. ज्यांना ‘पाच दिवसांत सगळं’ बघायचं असतं त्यांनी दुसरीकडे जावं, असं माझं स्पष्ट मत. धुकं आलं की बेत मोडतो, आणि तो मोडल्याबद्दल इथे कुणी दिलगिरी व्यक्त करत नाही. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित भागात जाणाऱ्या जहाजावर २०० हून जास्त प्रवासी चालत नाहीत आणि तिथे ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच उतरता येतं. अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जूनमध्ये ५०० मीटर अंतर राखायचं. मोठ्या लेन्सचं भाडं परवडत नसेल, तर डोळ्यांनी बघावं.

दाराच्या उघडेपणालाही मर्यादा येऊ लागल्या आहेत. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर किमान तीन वर्षं न राहिलेल्या परदेशी रहिवाशांचा इथल्या स्थानिक निवडणुकीतला मतदानाचा हक्क २०२२ मध्ये काढून घेतला गेला. दहा-दहा वर्षं राहिलेली, इथेच मुलं वाढवलेली थाई किंवा फिलिपिनो कुटुंबं एका झटक्यात मतदार यादीबाहेर गेली. नॉर्वेच्या सुरक्षेची कारणं समजू शकतात. बाजूला रशिया आहे. पण जिथे कुणीच मूळचं नाही तिथे आपलं कोण नि परकं कोण हे ठरवताना सरकारने हात जरा आखडताच घेतला, असं मला वाटतं.

किनाऱ्यावर उतरल्यावर वाटाडे एक नियम हमखास सांगतात. १९४६ पूर्वीची माणसाच्या हातची प्रत्येक वस्तू इथे आपोआप संरक्षित वारसा असते. गंजलेला खिळा, विटेचा तुकडा, देवमाशाचं शिकाऱ्यांनी टाकलेलं हाड, कोळसा वाहून नेणाऱ्या तारमार्गाचे वाकलेले लाकडी खांब. काहीही उचलायचं नाही, हलवायचं नाही, त्यावर बसायचंही नाही. त्यानंतरचं ते मात्र कचरा. स्वेआ या खाणगावात स्टोरे नोर्स्के कंपनीने अलीकडे हाच नियम मोठ्या प्रमाणावर राबवला: कामगारांची घरं, रस्ते, धावपट्टी उचलून जमीन पूर्ववत केली आणि मधूनमधून १९४६ च्या आधीचे अवशेष तेवढे जागच्या जागी राहू दिले.